एक मात्रा आधी

"काकू, पुन्हा उशीर! शब्द आला की पाय टाकायचा!" झुंबा शिकवणाऱ्या पोरीनं गाणं थांबवलं. सोसायटीच्या हॉलमधल्या बारा बायकांनी वळून वैजयंतीबाईंकडे पाहिलं.

कालची पोर, आणि मला गाणं शिकवते! वैजयंतीबाई मनात फणकारल्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी हे गाणं त्यांनीच गायलं होतं. डिस्कोचा ठेका, कोंगो, ट्रम्पेट, सगळा लॅटिन थाट. ध्रुवपदात त्या एक मात्रा आधी सुरू झाल्या. ट्रम्पेटवाल्यांना दुसरं रेकॉर्डिंग गाठायचं होतं, म्हणून पुन्हा गाऊन घेतलंच नाही आणि चुकीसकट रेकॉर्ड बाजारात आली. "बाई, तुम्हाला ताल कळत नाही," संगीतकार वीस वादकांदेखत म्हणाला होता. गाणं धो धो चाललं. बाईंना मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही. तेव्हापासून ती ओळ त्या मनातल्या मनात दुरुस्त करूनच म्हणत. आज पायही त्या दुरुस्त मात्रेवरच पडत होता.

"अगं, माझा पाय बरोबर पडतोय. गाणारी चुकलीय."

"गाणारी चुकली असती तर गाणं एवढं चाललं असतं का? तुम्हाला ताल कळत नाही, काकू."

बाराजणी फिदीफिदी हसल्या. गाणं पुन्हा लागलं. ध्रुवपद जवळ आलं, तशी "घे, मेले!" असं पुटपुटत वैजयंतीबाईंनी एक मात्रा आधीच पाय आपटला.

पोरगी आनंदानं ओरडली, "आता जमलं, काकू! अगदी त्या गाणाऱ्या बाईसारखं!"