व्रतातलं आमलेट

सुमंगलाने अंडं वाटीच्या कडेवर असं आपटलं की अर्धं बोटांवरच आलं. दुसरं तिने जरा बेताने फोडलं. राग नवऱ्यावर होता, अंड्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

बाहेर ओसरीवर नवरा, बाबाजी, उद्याचं भाषण घोकत होता. कारापूरच्या त्या घरात हल्ली भाषणांना तोटा नव्हता. सगळ्या गोव्यात मराठी की कोंकणी यावरून रान पेटलं होतं. पाळी गावच्या खाणीवरच्या कचेरीत कारकून असलेल्या बाबाजीने डिचोलीच्या सभेत, भरल्या गर्दीत, शब्द दिला होता: मराठी राजभाषा होईपर्यंत मी मासळीला शिवणार नाही, माझ्या घरातही ती शिजणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या त्याला, आणि बिनमाशांचं जेवण घराला. घरात कुणाला विचारावं हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सुमंगलाने स्वतःपुरतं ते सोसलं असतं. पण सासूचे हाल तिला बघवेनात. पार्वतीच्या तोंडात दात नव्हता. जन्मभर तिची पेज माशाच्या हुमणाबरोबर, नारळाच्या त्या कालवणाबरोबर, घशाखाली उतरत आलेली. ते बंद झालं आणि म्हातारी दोन घासांवर उठू लागली. पावसात ताप आला तेव्हा तर ती राहते की जाते असं झालं. सुमंगलाने नवऱ्याला हात जोडले, तुमचं व्रत तुम्ही पाळा, आईंना तेवढं मोकळं करा म्हणून विनवलं. तो म्हणाला, मासे तळल्याचा वास शेजारी गेला तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील? आईच्या जिवाची किंमत त्याने काढलीच नाही. अंडी चालतील, एवढं मात्र मोठ्या मनाने सांगितलं.

अंडी तर अंडी. सुमंगला मासेवालीकडून गुपचूप सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेऊ लागली. नवरा कामावर गेला की ओल्या लाकडांच्या धुरात त्यांचा वास जिरवत ती सुंगटं भाजून, कुटून ठेवी. संध्याकाळी अंडी फेटून तव्यावर पसरायची. मध्ये कांदा, हिरवी मिरची, खवलेला नारळ आणि सुंगटांचा चुरा घालायचा, आणि एक बाजू अलगद दुसरीवर आणायची. उलथन्याने कडा दाबल्या की आत काय आहे ते देवालाही दिसू नये. नवऱ्याच्या आमलेटात नुसता कांदा आणि नारळ. सासूलाही तिने काही सांगितलं नव्हतं. मुलाने जे सोडलं ते आईनेही सोडायचं, अशी त्या घराची रीत. सांगितलं असतं तर म्हातारीने ताटली सरकवली असती. पाप लागलंच तर आपल्याला लागू दे, असं सुमंगलाने मनाशी ठरवून टाकलं होतं. हळूहळू म्हातारीच्या चेहऱ्यावर रंग चढला. आता ती एकटी विहिरीपर्यंत जाऊन येत होती.

सुमंगला दोन्ही ताटल्या आणि पदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गोल उंडे पाव घेऊन ओसरीवर आली. पार्वती भिंतीला टेकून बसली होती. बाबाजीने आईकडे कौतुकाने पाहिलं आणि बायकोला फर्मावलं, की उद्या आईला नवं लुगडं नेसव, मी तिला सभेत नेणार आहे. व्यासपीठावर बसवणार. एवढी म्हातारी बाई मासळी सोडते आणि उलट टवटवीत होते, ही व्रताची ताकद लोकांना दिसली पाहिजे.

सुमंगलाची कानशिलं तापली. ज्याने आईला उपाशी मारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तोच आता तिच्या अंगावरच्या मूठभर मांसाचं श्रेय घ्यायला निघाला होता. तिने ताटल्या अशा आदळल्या की एक उंडो घरंगळत अंगणात गेला.

बाबाजीचं तिकडे लक्ष नव्हतं. आईच्या ताटातला घास उचलायची त्याची लहानपणापासूनची सवय. त्याने तिच्या आमलेटाचा मधला जाड तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. सुमंगलाचा हात पुढे झाला, पण उशीर झाला होता.

तो चावता चावता थांबला. डोळे मिटले. मग पुन्हा सावकाश चावू लागला. आणि एकाएकी ताडकन उठून उभा राहिला.

"ह्या आमलेटांत सुंगटां आसात. कोणें घातलीं?"

"हांवें," सुमंगला म्हणाली. "आनी फाल्यांय घालतलें."

आजचं कबूल करताना तिने उद्याचंही सांगून टाकलं. भीती कुठे गेली कोण जाणे, राग तेवढा शिल्लक होता.

मग बाबाजी सुटला. व्यासपीठावरची मराठी विसरून घरच्या बोलीत सुटला. माझं व्रत मोडलं, आईला फसवून तिचंही मोडलं, चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. उठ आणि माहेरी चालू लाग, असंही म्हणाला. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल.

पार्वती जेवत होती. तिने उरलेलं आमलेट संपवलं, उंड्याच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली, तोही खाल्ला.

"तिणें म्हाका फसोवंक ना," ती म्हणाली. "पयल्या दिसासून म्हाका खबर आसा. जल्मभर सुंगटां खाल्ल्यांत, जिबेक कळना काय?"

सुमंगला सासूकडे बघतच राहिली. म्हातारीने हात धुतले आणि मुलाकडे मान वर केली.

"आनी तूं. आदीं तोंडातलो घांस थुक. मागीर आरड."

बाबाजी तरातरा अंगणाच्या कडेला गेला, माडाच्या बुंध्याशी वाकला आणि तसाच वाकून राहिला. थुंकायला तोंडात काही उरलंच नव्हतं.