कणा ओलांडणारी रेघ

सेकारचा शर्ट वर सरकला आणि पाठीवरच्या लाल रेघा दिसल्या. “अंगात वारं शिरलंय, ताई. आईनं नाण्यानं घासलं.” जावा बेटावर अंग दुखलं, सर्दी झाली की घरोघरी असंच घासतात. “वाघीण झालीस गं!” मैत्रिणी हसल्या. टेनिस शिकवणारी वुलांदारी हसली नाही. नाण्याच्या रेघा कण्यापासून दोन्हीकडे तिरक्या उतरतात. सेकारच्या पाठीवरची एक मात्र कणा ओलांडून गेली होती. वुलांदारीच्या वडिलांच्या पट्ट्याचे वळही तसेच उठायचे. कुणाला कळू नये म्हणून आई त्यांवरून नाणं फिरवायची. तशाच पाठीनं वुलांदारी राष्ट्रीय विजेती झाली. चषक वडिलांनीच उंचावला. “हिलाही तुमच्यासारखी घडवा!” मैदानाच्या कुंपणाबाहेरून सेकारचे वडील ओरडले. “तुमचीही आई घासायची?” सेकारनं विचारलं. आजवर या प्रश्नाला वुलांदारी नुसतं ‘हो’ म्हणायची. “घासायची. वडिलांनी पट्ट्यानं मारलं की,” ती मोठ्यानं म्हणाली. सेकारनं एकदा कुंपणाकडे पाहिलं आणि आईचं ते घासायचं नाणं पिशवीतून काढून वुलांदारीच्या हातावर ठेवलं.