बॉयलरची भूक

मुकाशनं कोळशाचं रिकामं पोतं बायकोच्या तोंडावर फेकलं. काळी भुकटी बुरुलच्या चहाच्या वाटीत पडली.

"आठवड्याला दीड पोतं पुरायचं. आता तीन! जातो कुठं कोळसा?"

तिचा धाकटा भाऊ तालान्त अवजारांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. निम्म्या नारिन शहराचे घर तापवायचे बॉयलर तोच दुरुस्त करी.

"तपासून सांग," मुकाश त्याला म्हणाला. "बॉयलर बिघडला असेल तर ठीक. नसेल तर ही बया कोळसा विकतेय. मागं हात मोडला होता. या खेपेला मान मोडतो."

तो चेष्टा करत नव्हता. बुरुलचा डावा हात कोपरात वाकडाच जुळला होता. तेव्हा ती माहेरी पळून आली होती आणि तालान्तनंच तिला परत आणून सोडलं होतं. "दगड पडला तिथंच जड असतो, आक्का," असं वर ऐकवलंही होतं. सासरी निघालेल्या प्रत्येक पोरीला हेच ऐकवतात: दिलं त्या घरीच राहायचं. आठवलं की त्याला आता स्वतःचीच शरम वाटे.

"आणि काल कुठं उलथला होतास?" मुकाश गुरगुरला.

"शेजारच्या अबीलच्या आजोबांची कबर खणत होतो, दाजी. जमीन गोठून नुसती लोखंड झालीय. दोन दिवस वर कोळसा पेटवला, तेव्हा कुठं कुदळ शिरली."

"जिवंतपणी म्हाताऱ्याला कुणी कोळशाची दोन ढेकळं दिली नाहीत शेकायला!" उंचापुरा मुकाश खदाखदा हसला.

"वरून पत्रा झाकता ना रे?" बुरुलनं भावाला विचारलं. "ऊब टिकायला?"

मुकाशनं उलट्या हातानं तिच्या मुस्काटात मारली. "बाई कधी कबरीवर जाते का? नसत्या चौकशा!"

तिचा ओठ फुटला. बाहीनं तो पुसून तिनं नवऱ्याच्या वाटीत चहा ओतला. तालान्त उठला आणि कामाला लागला.

धुराडं साफ होतं. कुठं पाणी गळत नव्हतं, नळ्या शेवटच्या खोलीपर्यंत गरम होत्या. कोळसाही कोरडा ठणठणीत. शेवटी त्यानं आठवड्याची साठलेली राख पाहिली. ती दीड पोत्याचीच होती. म्हणजे उरलेला कोळसा या बॉयलरात जळलाच नव्हता. पाणी दुसरीकडंच कुठंतरी मुरत होतं.

आक्का खरंच विकत असेल तर? खरं सांगावं तर आजच तिची मान जाणार. खोटं सांगून तरी किती दिवस निभणार?

तो मागच्या अंगणात गेला. सगळ्या छपरांवर गुडघाभर बर्फ होतं. मेंढवाड्याचं छप्पर तेवढं कोरडं होतं. मुकाशनं मेंढ्या हिवाळ्याआधीच विकून दारूत घातल्या होत्या आणि त्यानंतर त्याचं पाऊल तिकडं वळलं नव्हतं. रिकाम्या वाड्याला ऊब कशाची?

तालान्तनं दार ढकललं. आत जमिनीवर लांबलचक पत्रा पसरलेला होता. त्यानं चिमट्यानं एक टोक उचललं. खाली निखारे धगधगत होते. निखारे खणलेल्या खड्ड्यात होते, आणि खड्डा गुडघाभर खोल गेला होता. कडेला ओल्या मातीचा ढीग वाफाळत होता.

मागं पाऊल वाजलं. बुरुल दारात उभी होती, वाकड्या हातात कोळशाची बादली. ती ठेंगणी होती. खड्डा चांगला उंचापुऱ्या माणसाच्या मापाचा होता.

"दगड पडला तिथंच जड असतो ना रे?" ती म्हणाली.

"सापडला का चोर?" अंगणातून मुकाश ओरडला.

तालान्तनं पत्रा होता तसा ठेवला, चारी कडांना माती लोटली आणि बाहेर आला.

"सापडला, दाजी. बॉयलरच आहे. जुना झाला, भूक वाढलीय त्याची. अजून चार पोती आणून टाका. आणि उद्यापासून मी येत जाईन. एकट्या बाईच्यानं हे काम उरकायचं नाही."