साखळीतली टाकी

सुरुंग काढणाऱ्या जहाजावरून ती समुद्राच्या तळाशी रिमोटने ड्रोन चालवत होती. शेजारी तिचा काका बसला होता, जहाजावरचा जुना पाणबुड्या. पडद्यावर गंजलेला सुरुंग दिसला आणि त्याच्या साखळीत अडकलेली हवेची टाकी. टाकीवरचा पांढरा मासा काकानेच रंगवून दिलेला. “दादा!” त्याच्या तोंडून निघालं आणि तिने ड्रोन जागीच थांबवला. ती पाळण्यात असताना बाबा सुरुंग निकामी करायला उतरले, ते वर आलेच नव्हते. “काका, हा उडवला तर काहीच उरणार नाही. कुणीतरी खाली जाऊन त्यांना आणा ना!” “या सुरुंगाने एक माणूस खाल्लाय, पोरी. दुसरा नाही द्यायचा.” तिने डोळे पुसले आणि स्फोटाचं बटण दाबलं. समुद्र उसळला, मग निवळला. “आईला काय सांगू?” “वहिनीला सांग, दादा सापडला. आता वाट बघू नकोस म्हणावं.”