नवोदित गायिका वत्सलाबाई

"आता आपल्यासमोर येत आहेत नवोदित गायिका वत्सलाबाई!" खानदेशी मंडळाचा सुकलाल माइकमध्ये गरजला. गिरणी कामगारांच्या वस्तीत, लिंबायतच्या मैदानात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, कार्यक्रम चांगला रंगला होता. टाळ्या पडल्या, पण वत्सला काही पडद्याआडून हलेना.

सुकलाल धावतच आत आला. "चाल ना वहिनी! लोके वाट दखी ऱ्हायनात."

"नवोदित म्हंजे काय रे भाऊ?"

ही काय शब्दाचा अर्थ विचारायची वेळ? पण सुकलाल पडला मॅट्रिक पास, त्याला राहवेना. "संस्कृत शबद शे. नव म्हंजे नवं, उदित म्हंजे उगेल. पह्यलींदाव जो स्टेजवर चढस, त्याले म्हनतस." मग आवाज खाली आणून त्याने बजावलं, "आनि नवोदितले आगोदर उस्तादना पाय धरना पडतस. मंडळनी रीत शे."

उस्ताद म्हणजे विठ्ठल, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधला. बाईमाणसाने स्टेजवर चढायचं नाही, म्हणून इतकी वर्षं लुगडं नेसून, गंगावन लावून आखाजीची गाणी तोच म्हणायचा. यंदा त्याचा घसा बसला, तेव्हा मंडळाला वत्सला आठवली. आणि ही गाणी तो शिकला कुठे? तिच्याच ओट्यावर. ती साड्यांचे धागे कापत गायची आणि हा शेजारी बसून ऐकायचा.

वत्सलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मंग मी काय आज उगनू का रे?"

"पाय धरशी तर गाशी," सुकलाल म्हणाला. "नही ते घर जाय."

वत्सलाने पदर खोचला. स्टेजवर विठ्ठल गळ्यात हार घालून, पाय पुढे करून खुर्चीत बसला होता. त्याच्यासमोरून ती तडक माइकपाशी गेली. माघार घ्यायची नाही हे ठरलं होतं.

"मायबहिनीस्वोन, आखाजीले माहेर आयेल पोरले सासरा लेवाले येस आनि ती त्याले तोंडवर सांगस, मी येत नही. ते कडवं इठ्ठलभाऊ दर साल सोडी देस. मानसेसले ते खपस नही ना! आज मी पह्यले तेच गासू."

पुरुषांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. तिने डोळे मिटून कडवं धरलं. दुसरी ओळ संपायच्या आत सुकलालने माइकचं बटण बंद केलं.

तोवर सतरंजीवरच्या बायकांनी कडवं उचललं होतं, आणि त्यांच्यापुढे माइक नव्हताच.