नाव बदलून द्या

डिचोलीच्या खाण-ऑफिसात नेटवर्कवर कुणाला शिरू द्यायचं आणि कुणाला कुठल्या गटात घालायचं, ते शालनताई बघत. सोमवारचा उपास, त्यात सकाळपासून पासवर्ड विसरलेल्यांची रीघ लागलेली; डोकं नुसतं भणभणत होतं. तेवढ्यात हिशेब खात्यातली गौरांगी समोर येऊन उभी राहिली. लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलं गेलेलं हे नाव शालनताईंनीच तेव्हा कॉम्प्युटरवर चढवलं होतं.

"ताई, गौरांगी काढा. पयलीसारखं प्रतीक्षाच घाला."

"का गो?"

"मी आता मयेलाच असते. आईकडे."

"परत जायची नाय?"

"ना."

शालनताईंनी दोन बटणं दाबली, आणि पडद्यावर प्रतीक्षाचं खातं उघडलं, जुन्या फायलींसकट.

ती बघतच राहिली. "हें अजून आसा? नवं नाव घातलं की जुनं पुसतात ना?"

"साहेब तसंच सांगतात," चष्मा काढून डोळे चोळत शालनताई म्हणाल्या. "पुरुषांनी नाव बदललं तर जुनं खातं पुसतेच मी. बायकांची मात्र नुसती बंद करून ठेवते."