एकाच क्रमांकाचे प्रश्न

"अहो, पुन्हा अडकलं!" रिपोर्टच्या काउंटरवरच्या काकांचा सकाळपासूनचा हा अकरावा फोन. "रांग पार जिन्यापर्यंत गेलीय. लोक मला खायला उठलेत!"

"बघते, काका." तिने रिसीव्हर आपटला.

अख्ख्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळायला ती एकटी. सर्व्हर म्हातारा, आणि नवा मागितला की साहेबांना नेमकं ऐकू येत नसे. त्यात आज ताईचा रिपोर्टही याच काउंटरवर मिळायचा होता. गर्भाशयात गाठ निघाली होती. साधी की कॅन्सरची, ते आज कळणार. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

साहेब दारातून डोकावले. "काय चाललंय काय? काहीतरी करा ना!"

"करतेय ना! काउंटरवरून 'अमक्याचा रिपोर्ट दे' असं हजारदा तेच ते विचारल्यावर सर्व्हर काय करणार, कपाळ? सारख्या दिसणाऱ्या सगळ्या प्रश्नांना एकच ओळखक्रमांक देते. नावं, आकडे गाळायचे, उरलेल्या वाक्यावरून क्रमांक काढायचा. क्रमांक आधी येऊन गेलेला असला, तर पुन्हा शोधाशोध नाही. ठेवलेलं उत्तर काढून द्यायचं."

"मग इतके दिवस काय झोपला होतात?" म्हणून साहेब गेले. तिने दातओठ खाल्ले आणि कामाला लागली.

बाराला तिने ते सुरू केलं. पाच मिनिटांत सर्व्हर असा पळायला लागला की तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. काकांचे फोनही थांबले.

एकच्या सुमाराला ताईचा फोन आला. "अगं, साधी आहे! गर्भाशयातली गाठ साधी आहे! माझ्यापुढे चाळीस माणसं होती, पण काय भराभर सरकली म्हणून सांगू! डॉक्टरांची वेळ रद्दच करून टाकली. आता थेट घरी."

"वेडाबाई, रडतेस काय?" म्हणता म्हणता तिलाच रडू फुटलं. इतकं हलकं तिला महिनाभरात वाटलं नव्हतं.

डोळे पुसते न पुसते तोच काउंटरचा फोन वाजला. झालं! सुखाने दोन घटकाही जाऊ द्यायच्या नाहीत माणसाला.

"आता काय, काका?"

"मशीन झकास चाललंय हो! पण एक आजोबा हटून बसलेत, जाईचनात. म्हणतात, रिपोर्टवर नाव माझं आहे, मग गर्भाशयातली गाठ साधी आहे असं कसं लिहिलंय?"